गारगोटी शिवारातली, पोलाद परगावचं

ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की वाटेत डिंगोरे लागतं. या भागात नांगरलेल्या रानावर जोराचा पाऊस पडून गेला की माती धुऊन जाते आणि ढेकळांच्या मधून पांढुरके, निळसर, कधी पिवळट झाक असलेले गोटे वर येतात. फाळाला लागतात म्हणून शेतकरी ते वेचून बांधावर टाकतो. ही गार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने कणाकणाने सिलिका आणून बसवली. काळा कातळ झिजून माती झाला, पण आतली सिलिका झिजली नाही. आज बांधावर पडलेली गार ही त्या बुडबुड्यांची भरलेली जागा आहे.

त्या काळ्या कातळातही लोह आहे. वजनाने पाहिलं तर शंभरात दहाहून अधिक भाग लोहाची संयुगंच निघतात. शिवनेरीचा कडा, हडसरच्या कोरीव पायऱ्या, नाणेघाटाची खिंड, सगळीकडे लोह ठासून भरलेलं आहे. तरीही जुन्नरच्या लोहाराला यातून कधी खिळाभर लोखंड मिळालं नाही, कारण ते लोह सिलिकेच्या संयुगांत आणि अगदी बारीक कणांत अडकलेलं आहे आणि कोळशाच्या भट्टीला ते सुटत नाही. सह्याद्रीत लोखंड गाळलं जायचं ते माथ्यावरच्या जांभ्यातून. महाबळेश्वरच्या रानात धावड लोक ते काम करत. त्यांच्या भट्ट्यांनी जंगल फार खाल्लं, म्हणून इंग्रजी अमलात त्या बंद पाडल्या गेल्या. डिंगोऱ्यासारख्या गावात मात्र लोखंड बाहेरूनच यायचं आणि चांगलं पोलाद तर फार लांबून.

विस्तव पाडायला दोन वस्तू लागतात, एक गार आणि एक पोलाद. इथे पहिली फुकट, पायाखाली. दुसरी परगावची, मोलाची. म्हणूनच जुन्या माणसांच्या बटव्यात गारगोटी कुठलीही चाले, पण तिच्या जोडीचा पोलादाचा तुकडा, म्हणजे चकमक, पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. विस्तव ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या, बंदुकीलाही लागे, आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या सामानात मला हाच तुकडा सर्वांत थोर वाटतो. बोटभर लांबीचा, वाकवून हातात धरायजोगा केलेला, आणि कसबी लोहाराच्या हातचा असेल तर अंगावर लाटांसारखी नक्षी असलेला. ती नक्षी कोरलेली नसते, रंगवलेली नसते. ती धातूच्या आतून आलेली असते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं, जिथे ठिणगीचं मूळ आहे.

ठिणगी दगडातून उडते असं आपण लहानपणापासून समजतो. वास्तविक जळतं ते पोलाद. गारेची धार पोलादावर जोरात घासली की ती त्याचा अतिशय बारीक कीस काढते. घासण्याच्या जोराने तो कीस तापतो. ताजं, उघडं पडलेलं लोह हवेतल्या प्राणवायूला भेटतं आणि पेट घेतं. एरवी तेच लोह महिनोन्‌महिने गंजतं. इथे कण इतका लहान आणि इतका तापलेला असतो की गंजण्याचं सगळं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात या ठिणग्यांचं वर्णन केलं आहे. त्याने पांढऱ्या कागदावर चकमक झाडली, पडलेले काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्याला दिसले गोल, चकचकीत मणी. म्हणजे पोलाद तापून नुसतं लाल झालं नव्हतं, ते वितळलं होतं आणि हवेत उडता उडता थेंबासारखं गोल होऊन गोठलं होतं. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात. मनगटाच्या एका झटक्यात, भाता नाही, कोळसा नाही, आणि माणूस ते तापमान तळहाताशी निर्माण करतो!

पण साध्या खिळ्यावर गार कितीही घासा, काही होत नाही. मऊ लोखंडात गार रुतते, कीस नीट निघत नाही. त्यासाठी लोखंडात कार्बन हवा आणि तो असलेलं पोलाद लाल तापवून एकदम पाण्यात बुडवून कडक केलेलं हवं. लोहार याला पाणी देणं म्हणतो. कार्बनचं आणखी एक काम आहे. उडालेल्या तप्त थेंबातला कार्बनही जळतो, त्याचा वायू होतो आणि तो थेंबाला आतून फोडतो. म्हणून कार्बन भरपूर असलेल्या पोलादाची ठिणगी सरळ रेघ न ओढता फुटते, फांद्या टाकते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतले जुने कामगार ग्राइंडरवर तुकडा टेकवतात आणि ठिणग्यांच्या फुलोऱ्यावरून सांगतात की माल कोणता आहे. ही परीक्षा आजही चालते.

आता बंदुकीकडे येऊ. ठासणीच्या बंदुकीला मागून उघडायची सोय नसते. सगळं तोंडाकडून आत जातं. मापाने दारू ओतायची, मग चिंधीत किंवा कातड्याच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, गजाने ठासायची. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तो तिचा कान. कानाशी असलेल्या छोट्या पेल्यात बारीक कुटलेली दारू, म्हणजे रंजक, घालायची. रंजकेला विस्तव लागला की आग कानातून आत शिरते आणि बार उडतो. आपल्याकडे हा विस्तव बहुतेक काळ तोड्याने दिला जाई. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी पेटवली की ती ज्योत न धरता धुमसत राहते. चाप ओढला की तिचं टोक रंजकेवर टेकतं. युरोपात सतराव्या शतकात घोड्याच्या तोंडात गार आणि समोर पोलादाची पाटी अशी कळ रूढ झाली. ती हळूहळू इकडे आली. महादजी शिंद्यांच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने जो कारखाना चालवला, तिथे अशा बंदुका मोठ्या संख्येने होत. गावोगावच्या शिलेदाराकडे, शिकाऱ्याकडे मात्र तोड्याचीच बंदूक राहिली. तोडा पेटवायलाही चकमक लागेच, त्यामुळे या ना त्या रूपात पोलाद दोन्ही बंदुकांना सारखंच हवं.

दारूगोळा हा विषय या मुलखाला परका नाही. ओतूरजवळ आंबेगव्हाण आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६५ च्या सुमारास, आंबेगव्हाणला तोफेचे गोळे करण्याचा सरकारी कारखाना निघाल्याची नोंद मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेच्या अभ्यासकांनी केली आहे. पुढे चारेक वर्षांत असाच कारखाना पुण्यात निघाला. माळशेजच्या वाटेवरच्या या पट्ट्यात भट्ट्यांचा धूर आणि ओतीव लोखंडाच्या गाड्या नांदत होत्या, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बंदुकीची दारू जळते तेव्हा तिचा सगळाच धूर होत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या या मिश्रणाचं निम्म्याहून अधिक वजन जळल्यावर घनरूपात मागे उरतं. नळीत काळा, खारट, ओल धरणारा लेप बसतो आणि कान तर चार बारांत बुजतो. म्हणून बंदूकवाल्याच्या कमरेला लहानसहान हत्यारांचा जुडगा असे. कान मोकळा करायची लांब सुई, अडकलेली चिंधी ओढून काढायला गजाच्या टोकाला बसवायचा पीळदार आकडा, चकती कापायचा आखूड चाकू, कळीचे पेच सैल करायचा पेचकस, आणि चकमक. दारू ठेवायला शिंगाचं, हस्तिदंताचं, लाकडाचं किंवा कातड्याचं पात्र. माप मात्र शिंगाचं किंवा पितळेचं. ज्या धातूचा कीस पेट घेतो तो दारूच्या ढिगात घालायचा नाही, हा नियम दारूच्या कोठारांतही होता. तिथली अवजारं लाकडाची आणि तांब्या-पितळेची असत. पोलाद कुठे हवं आणि कुठे नको, हे ज्याला कळतं त्यानेच हे सामान घडवावं.

बंदुकीच्या या पोलादी सामानावर नक्षी येते ती दोन वाटांनी, आणि त्या एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली वाट आपल्या शेजारची आहे. नांदेडची हद्द ओलांडली की तेलंगणात निर्मल आणि निजामाबादकडचा मुलूख लागतो. तिथे कोनासमुद्रम नावाच्या गावात मुशीतलं पोलाद होत असे. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी याने ते काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं, आणि ते पोलाद नेण्यासाठी इस्फहानहून इराणी व्यापारी तिथवर येत, हेही नमूद केलं. भाताचं तूस मिसळलेल्या मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे, तोंड लिंपून बंद करायचं, आणि भात्यांच्या वाऱ्यावर दिवसरात्र तापवायचं. म्हैसूर-सेलमकडचे कारागीर मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचं लाकूड आणि हिरवी पानं घालत. सेलमकडे ती पानं रुईची असत. तरवड! जुन्नरच्या माळरानावर पावसाळा सरता सरता पिवळ्याधमक फुलांनी भरून जाणारं, जनावरं सहसा तोंड न लावणारं हे झुडूप. त्याचं लाकूड बंद मुशीत जळून नाहीसं होऊ शकत नाही, त्याचा कोळसा होतो आणि तो कार्बन लोखंडात जिरतो. कार्बन जिरला की लोखंडाचा वितळण्याचा बिंदू शंभरेक अंशांनी खाली येतो. ज्या भट्टीला शुद्ध लोखंड वितळवता येत नाही, तीच भट्टी हे मिश्रण पातळ करते. मग मूस हळूहळू निवू द्यायची. फोडली की आत पोलादाची वडी निघते आणि तिच्यात शंभरात दीड भागाच्या आसपास कार्बन असतो.

इतका कार्बन पोलादाला नीट पचत नाही. जास्तीचा कार्बन लोहाशी संयोग करून अतिशय कठीण कण बनवतो. वडी मंद लाल आंचेवर पुन्हा पुन्हा तापवून ठोकत गेलं की हे कण ओळीने मांडले जातात. दोन ओळींमध्ये अंतर असतं मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाइतकं, म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकं. घासून, गुळगुळीत करून, हिराकशीच्या पाण्याने पुसलं की मऊ भाग काळवंडतो, कठीण कण पांढरे राहतात आणि पात्यावर पाण्याच्या लहरी उमटतात. शिकलगार यालाच पोलादाचा जौहर म्हणत. या पोलादात कार्बन हाच चित्रकार आहे. ज्या कार्बनमुळे ठिणगी फुलते, त्याच्याच कणांनी नक्षी रेखलेली असते.

पोलादाचा पश्चिमेला जाणारा व्यापार फार जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तांबड्या समुद्रावरच्या अडुलिस बंदरात अरियाकेहून, म्हणजे आपल्या पश्चिम भारतातून, लोखंड आणि पोलाद येत असल्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात कल्याण बंदराचंही नाव येतं, आणि त्या काळात देशावरचा माल कल्याणकडे उतरायचा मोठा रस्ता म्हणजे जुन्नरचा नाणेघाट. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कांस्यकारांच्या श्रेणीचा, म्हणजे धातुकाम करणाऱ्यांच्या संघाचा उल्लेख आहे. लोक धर्मकार्यासाठी त्यांच्याकडे ठेव ठेवत आणि व्याजातून भिक्षूंची सोय होई. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात धातूवर हात चालवणाऱ्या माणसांची पत इतकी होती की लोक त्यांच्याकडे पैसा ठेवत.

मुशीच्या या पोलादाने पुढे युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना कामाला लावलं, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. मग मायकल फॅरडे त्यात पडला. विजेचा फॅरडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो लोहाराचा मुलगा होता आणि जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने काही वर्षं आपल्या या पोलादाचं रहस्य शोधण्यात घालवली. इतर धातू मिसळून पाहिले, पण नक्षीचं कारण त्याच्या हाती लागलं नाही. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये ब्रेआँ यांनी ओळखलं की मुख्य गोष्ट जादा कार्बन आहे. रशियात उरल पर्वतातल्या झ्लातोउस्त गावी पावेल अनोसोव्ह यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून तसं पोलाद बनवलं आणि १८४१ मध्ये त्यावर ग्रंथ छापला.

तरीही एक गाठ उरली होती. कार्बन तितकाच, मूस तशीच, ठोकणंही तसंच, आणि तरी कधी नक्षी येते, कधी येत नाही. ती गाठ अलीकडे सुटली. जॉन व्हर्होव्हन हे अमेरिकेतले धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि आल्फ्रेड पेंड्रे हा फ्लोरिडातला नालबंद, या दोघांनी मिळून १९९० च्या दशकात दाखवलं की व्हॅनेडियमसारख्या धातूचा नुसता अंश, लाखात चार-पाच भाग इतका, पोलादात असला तरी पुरतो. गोठताना तो अंश ठरावीक पट्ट्यांत गोळा होतो आणि कठीण कण त्या पट्ट्यांतच रांगा धरतात. हा अंश खनिजातूनच यायचा. त्यांनी तर्क केला की जुन्या खाणी संपल्या, नव्या खाणींच्या लोखंडात तो अंश नव्हता, आणि पिढीजात कारागिराने सगळं बापाने शिकवलं तसंच केलं तरी नक्षी येईनाशी झाली. कला हरवली ती हाताच्या चुकीने नव्हे, मातीतला एक अदृश्य घटक सरल्याने. आपलं काय बिघडलं, हे कळायला त्या लोहाराजवळ काहीच साधन नव्हतं. त्याची कल्पना केली की मला गलबलून येतं. प्राध्यापक आणि नालबंद यांनी एका भट्टीपाशी उभं राहून दोन शतकांचा प्रश्न सोडवावा, याचा आनंदही तेवढाच होतो.

दुसरी वाट म्हणजे दोन प्रकारचं लोखंड थरावर थर रचून जोडायचं. बंदुकीच्या नळ्यांत ही वाट फार वापरली गेली, आणि तिथे तिचं कारण शोभा नव्हतं. नळीत दारू भडकली की धातूवर दोन दिशांनी ताण येतो, लांबीच्या दिशेने आणि घेराच्या दिशेने. पातळ नळीचं गणित मांडलं तर घेराच्या दिशेचा ताण दुप्पट निघतो. म्हणून लोखंडाचा पत्रा नुसता गुंडाळून कडेला कड जोडली तर नळी त्या सरळ जोडावर उकलते. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या कारखान्यातली सुधारणा सांगितली आहे ती हीच. पट्टी तिरकी गुंडाळायची आणि वेढे एकमेकांवर चढवून भट्टीत जोडायचे. जोड मळसूत्रासारखा तिरका झाला की ताण त्याच्यावर सरळ येत नाही. असे वेढे पुढे वेगवेगळ्या लोखंडाच्या पिळलेल्या कांबींचे होऊ लागले, आणि नळी घासून पुसली की तिच्या अंगभर वेढ्यांच्या, फुलांच्या आकृती दिसू लागल्या. गणिताची गरज होती, तिला सौंदर्य लागून आलं.

लहान सामानासाठी आजचे घडवणारे याच वाटेने जातात. एक साधं कार्बनी पोलाद घ्यायचं, दुसरं शंभरात दोनेक भाग निकेल असलेलं. लाकडाच्या वखारीतल्या काही करवतींच्या पट्ट्या अशा पोलादाच्या असतात. सात पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, भट्टीत पिवळ्या धगीवर, बाराशे अंशांच्या आसपास न्यायच्या, टाकणखार टाकायचा म्हणजे मधला मळ पातळ होऊन बाहेर निघतो, आणि घणाचे पहिले ठोके हलक्या हाताने मारायचे. जोरात मारलं तर थर घसरतात. सात थर एकजीव झाले की लांबवायचं, मध्ये छिन्नी मारून दुमडायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा जोडायचं. घडीची पोळी लाटणाऱ्या हाताला हे काम ओळखीचं वाटेल. पाच घड्यांत सातांचे २२४ थर होतात. सहा मिलिमीटर जाडीत ते बसवले तर एकेक थर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाहून किंचित जाड भरतो. मग कांब तापवून पिळायची, किंवा आडव्या खाचा पाडून पुन्हा सपाट करायची, म्हणजे थर वाकतात आणि कापलेल्या अंगावर वेटोळी, शिडी, डोळे उमटतात.

इथे एक गोष्ट घडते जी मी वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. त्या पिवळ्या धगीत कार्बनचे अणू लोखंडातून इतक्या वेगाने सरकतात की एवढ्या पातळ थरांत ते काही सेकंदांतच सगळीकडे सारखे पसरतात. एका थरात जास्त आणि दुसऱ्यात कमी असा कार्बनचा भेद उरतच नाही. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही. तासभर तापवलं तरी ते मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकंच सरकतं. म्हणून तयार चकमकीत नक्षी निकेलने सांभाळलेली असते आणि ठिणगी कार्बनने. गारेची धार चमकदार थरावर पडो की काळसर थरावर, कीस सारखाच पेटतो. मुशीच्या पोलादात एकट्या कार्बनने केलेली दोन्ही कामं इथे दोघांनी वाटून घेतली आहेत.

आता याच कांबीतून तीन वस्तू करायच्या, चकमक, चाकू आणि कानाची सुई. धातू एकच, पण तिघांचं पाणी वेगळं. आधी तिन्ही लाल तापवायच्या. किती लाल, हे पारखायला लोहाराची नजर हवी; आणि नजर बसलेली नसेल तर चुंबक आहे. ७७० अंशांवर लोखंडाचं चुंबकत्व नाहीसं होतं. ज्या लोखंडाला चुंबक एरवी सोडत नाही, त्याला या धगीत तो ओळखही देत नाही. तिथून थोडं वर नेऊन बुडवायचं. चकमकीची घासायची कड तशीच कडक ठेवायची, फक्त हातात धरायचे वळसे थोडे मऊ करायचे, नाहीतर पडली की मोडते. चाकू पुन्हा दोनशे-सव्वादोनशे अंशांवर नेला की त्याच्यावर गवती पिवळा रंग चढतो आणि धार टिकूनही पातं चिवट होतं. सुई तीनशे अंशांपर्यंत, निळी होईपर्यंत न्यायची. मग ती कानात वाकते पण मोडत नाही. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर बसलेली ऑक्साइडची अतिशय पातळ साय, तिची जाडी बदलते तसा प्रकाशाचा रंग बदलतो. तापमापक नसलेल्या काळात लोहार या रंगांवर तापमान वाचत होता.

आपल्याकडे हे कसब अजून रस्त्याच्या कडेला जिवंत आहे. घिसाड्यांचा संसार मुक्कामाला थांबतो, जमिनीत ऐरण रोवली जाते, आणि बहुतेक वेळा घण बाईच्या हातात असतो. पुरुष सांडशीत लोखंड धरून हातोडीने जागा दाखवतो आणि ती नेमक्या त्याच जागी घण घालते. ट्रकच्या मोडक्या पाट्याचे कोयते, विळे, कुऱ्हाडी होतात. त्या पाट्यात शंभरात अर्ध्या-पाऊण भागाच्या दरम्यान कार्बन असतो, म्हणजे पाणी नीट दिलं तर चकमकीला पुरेल इतका. विळ्याला धार लावून देणाऱ्या, फाळ शेवटून देणाऱ्या या माणसांकडे धग ओळखण्याची नजर तीच आहे, जिची किंमत परदेशात भरपूर मोजली जाते. अमेरिकेत १९३३ साली ठासणीच्या बंदुकीची राष्ट्रीय संघटना निघाली, इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या स्पर्धा भरतात. १९७३ मध्ये बिल मोरान या लोहाराने थरांच्या पोलादाचे चाकू एका प्रदर्शनात मांडले, आणि तिथपासून नक्षीच्या चकमकी, चाकू, सुया घडवणाऱ्यांची पिढीच उभी राहिली. आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने आजही आहेत. बंदुकीला आणि दारूला १९५९ चा शस्त्र कायदा आणि स्फोटकांचे नियम लागू आहेत, आणि ते पाळलेच पाहिजेत. चकमकीला परवाना लागत नाही.

डिंगोऱ्याच्या बांधावरची एक गार घ्या आणि दुसऱ्या दगडाने तिचा टवका काढा, कारण गुळगुळीत गोट्याला धार नसते आणि धारेशिवाय कीस निघत नाही. टवका उडताना डोळ्याला चष्मा हवाच. मग लोहाराकडून मोडकी कानस आणा. तिच्यात शंभरात सव्वा भागापर्यंत कार्बन असतो आणि कारखान्यातच तिला पूर्ण कडक पाणी दिलेलं असतं. तिची कड दगडावर घासून दाते काढून टाका, खाली पांढरा कागद पसरा, आणि गारेची धार कडेवरून वरून खाली झटक्याने ओढा. ठिणग्या फुटतील, फांद्या टाकतील. कागदाखालून चुंबक फिरवला की काळे मणी सरकू लागतील, आणि साध्या भिंगातूनही त्यांचा गोलावा दिसेल. नंतर कोयत्याची पाठ वापरून पाहा. लोहाराने पाणी फक्त धारेला दिलेलं असेल तर पाठीवर ठिणगी जवळजवळ पडणार नाही. त्यावरून पाणी कुठवर दिलं आहे ते कोयता न मोडता कळतं.